संगणकाला जागे करणारा माणूस : गॅरी किल्डॉल

पिंपळे सौदागरमध्ये आज जेथे उंच इमारतींच्या गृहनिर्माण संस्था दाटीने उभ्या आहेत, तेथे पूर्वी पवनेच्या पाण्यावर पिकणारी शेते होती, हे नव्याने राहायला आलेल्यांना सांगूनही खरे वाटत नाही. हिंजवडीला संगणक उद्योग आला आणि या गावाचे रूप पालटले. येथे संगणक नाही असे घर आता क्वचितच सापडेल, आणि संगणकावर पोट असलेली माणसे तर प्रत्येक जिन्यावर भेटतात. पण कळ दाबल्यापासून पडद्यावर पहिले चित्र उमटेपर्यंतच्या दोन-चार सेकंदांत आत काय घडते, याचा विचार यातील फार थोडे लोक करीत असतील. आम्हीही तो कधी केला नव्हता. गेल्या पावसाळ्यात घरच्या संगणकाने तो करायला लावला.

संगणकाच्या मदरबोर्डवरील मूळ आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, अद्ययावत करण्याची सूचना पडद्यावर आली होती. आम्ही ती मान्य केली. काम अर्ध्यावर असताना वीज गेली. शेजारी यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच निकामी झाली होती आणि ती बदलण्याचे आम्ही महिनोन् महिने लांबणीवर टाकले होते. दहा मिनिटांनी वीज परतली तेव्हा संगणकाचे दिवे लागले, पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच राहिला. बीप नाही, कंपनीचे बोधचिन्ह नाही, कीबोर्डवरील दिव्याची उघडझाप नाही. आत वडिलांच्या हस्तलिखित आठवणींची टंकलिखित प्रत होती. मूळ वह्यांतील काही पाने वाळवीने खाल्ल्यामुळे ही प्रत एकमेव होती, आणि तिची दुसरी प्रत आम्ही काढून ठेवलेली नव्हती.

कोकणे चौकाच्या बाजूला एका गाळ्यात दुरुस्तीचे काम करणाऱ्या तरुणाकडे आम्ही ते यंत्र नेले. त्याने प्रथम धीर दिला. फर्मवेअर आणि हार्ड डिस्कवरील मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी असून एक बिघडल्याने दुसरी जात नाही, हे त्याने समजावले. डिस्कला कुलूपबंद संरक्षण, म्हणजे एन्क्रिप्शन, लावले आहे का आणि लावले असल्यास तिची रिकव्हरी की जपून ठेवली आहे का, हे मात्र त्याने आवर्जून विचारले. फर्मवेअर बदलले की अशी डिस्क ती किल्ली मागू शकते. सुदैवाने आमच्या डिस्कला कुलूप नव्हते. ती काढून त्याने दुसऱ्या संगणकाला जोडली आणि वडिलांच्या आठवणी दोन ठिकाणी उतरवून दिल्या. मग तो निवांतपणे मूळ रोगाकडे वळला.

त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. पडदा काळा दिसला म्हणून त्याने एकदम फर्मवेअरला दोष दिला नाही. आधी वीजपुरवठा मोजला. मॉनिटर आणि त्याची तार बदलून पाहिली. रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, एकच पट्टी आलटून पालटून दोन्ही खाचांत बसवली. मग वीज पूर्ण तोडून नाण्याएवढी बॅटरी काढली आणि जंपर जोडून मदरबोर्डची साठवलेली मांडणी पुसली. पुष्कळ यंत्रे एवढ्यावरच जागी होतात. आमचे झाले नाही. त्यानंतर त्याने कंपनीने दिलेली मूळ फाइल पेन ड्राइव्हवर ठरलेल्या नावाने ठेवून, चिपमधील राखीव भागाकडून तिची दुरुस्ती होते का, ते पाहिले. काही मदरबोर्डांवर फर्मवेअरची दुसरी प्रत असते, काहींवर अशा दुरुस्तीसाठी वेगळे बटण असते. आमच्याकडे यातील काहीच नव्हते, आणि राखीव भागही बहुधा निकामी झाला होता.

शेवटी त्याने आठ पायांच्या एका छोट्या चिपला चिमटा लावला. त्याआधी तिच्यावरील क्रमांक भिंगातून वाचून ती ३.३ व्होल्टची आहे की १.८ व्होल्टची, याची खात्री करून घेतली. चुकीचा दाब दिला तर चिप कायमची जाते, असे त्याचे म्हणणे. चिपमधील मजकूर त्याने आपल्या संगणकावर वाचून घेतला आणि कंपनीच्या फाइलशी ताडून पाहिला. अर्धा भाग जुळत होता. त्यापुढे पडद्यावर ओळीमागून ओळी एफएफ, एफएफ अशी अक्षरे होती. फ्लॅश स्मृतीत नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते आणि पुसलेली जागा अशीच दिसते. वीज जाण्याचा क्षण त्या ओळींमध्ये जणू रेघ मारल्यासारखा दिसत होता. दुरुस्ताने त्या यंत्राचा स्वतःचा अनुक्रमांक आणि जाळ्यावरील पत्ता ज्या भागात होता, तो तेवढा जुन्या मजकुरातून राखला, उरलेला भाग नव्याने लिहिला, लिहिलेले पुन्हा वाचून ताडले आणि कळ दाबली.

यंत्र उठले. दुरुस्त ज्या वस्तूला दर वाक्यात बायोस म्हणत होता, त्या शब्दाचा विस्तार त्याला ठाऊक होता. कर्ता ठाऊक नव्हता. वास्तविक आज त्या चिपमध्ये असते ते यूईएफआय नावाचे नवे फर्मवेअर असते, पण बाजारात आणि बोलण्यात जुनाच शब्द चालतो. त्या शब्दाच्या कर्त्याचे, गॅरी किल्डॉल यांचे, नाव भारतातच काय, त्यांच्या स्वतःच्या देशातही पुष्कळांना केवळ एका दंतकथेमुळे आठवते. त्या दंतकथेने त्यांच्यावर अन्याय केला आहे, असे आम्हांला वाटते.

गॅरी आर्लेन किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल शहरात झाला. घराणे समुद्राशी नाते सांगणारे. कुटुंबाची नौकानयन शिकवणारी शाळा होती आणि तरुणपणी गॅरी यांनीही तेथे शिकवले. शालेय शिक्षणात ते फारसे चमकले नव्हते. यंत्रांची मोडतोड आणि जुळवाजुळव यांतच त्यांचे मन रमे. १९६३ मध्ये शाळेपासूनची मैत्रीण डॉरथी मॅकयुअन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गणिताचे शिक्षक व्हावे, एवढ्याच इच्छेने ते वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाले. तेथे संगणक भेटला आणि गणित मागे पडले.

तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. तरुणांना सैन्यसेवा चुकत नसे. किल्डॉल यांच्या वाट्याला ती सेवा कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापन करण्याच्या रूपाने आली. घराण्यातील समुद्र आणि स्वतःची शिकवण्याची हौस, दोन्ही येथे एकत्र आले. सेवा संपल्यावरही ते तेथेच शिकवत राहिले. १९७२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. संगणकाची आज्ञावली यंत्रभाषेत उतरवताना ती अधिक काटकसरीची कशी करता येईल, हा त्यांचा विषय. त्यावर १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा शोधनिबंध कंपायलर शास्त्राच्या अभ्यासक्रमात आजही शिकवला जातो. म्हणजे पुढचे काहीही घडले नसते तरी विद्येच्या क्षेत्रात त्यांचे नाव राहिलेच असते. त्यांना केवळ संधी हुकलेला व्यापारी समजणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे.

१९७१ च्या अखेरीस इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. एका बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यावर संगणकाचा मेंदू मावला होता, पण त्याचे करायचे काय, हे खुद्द इंटेललाही नीटसे उमगलेले नव्हते. रहदारीचे दिवे, वजनकाटे, गणकयंत्रे अशी कामे त्यांच्या डोळ्यांपुढे होती. किल्डॉल यांनी जाहिरात पाहून त्यात लक्ष घातले. विद्यालयातील मोठ्या संगणकावर त्यांनी या चिपची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहिली, ती इंटेलला दाखवली आणि सुट्टीच्या दिवशी त्या कंपनीचे सल्लागार म्हणून ते काम करू लागले. १९७३ मध्ये त्यांनी इंटेलच्या ८००८ या चिपसाठी पीएल/एम ही भाषा तयार केली. तोपर्यंत मायक्रोप्रोसेसरला एकेक यंत्राज्ञा हाताने लिहून द्यावी लागे. आता माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिता येऊ लागले.

याच सुमारास त्यांच्या हातून घडलेला एक उद्योग मराठी वाचकाला गमतीचा वाटेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेन कूपर यांच्यासाठी त्यांनी नाणे टाकले की भविष्य छापून देणारे यंत्र तयार करण्यात भाग घेतला. ४००४ चिपवर चालणारे ते यंत्र जन्मतारखेवरून कुंडलीचे भविष्य कागदावर काढून देई. धंदा म्हणून ते अजिबात चालले नाही. पण मायक्रोप्रोसेसर वापरून प्रत्यक्ष बाजारात उभे राहणारे यंत्र बांधायचे म्हणजे किती अडचणी येतात, याचा धडा त्यातून मिळाला. आपल्याकडे संगणकीय पत्रिकेची दुकाने निघाली ती पुष्कळ नंतर.

किल्डॉल यांच्यापुढची खरी अडचण साठवणुकीची होती. छोट्या संगणकात आज्ञावली भरायची ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. फीत हळू वाचली जाई, फाटे, अडके. शुगार्ट कंपनीकडून त्यांना फ्लॉपी डिस्कचे एक वापरलेले यंत्र मिळाले, पण ते संगणकाला जोडणारे सर्किट त्यांना जमेना. ते प्रयत्न करून थकले. ते यंत्र घरी बराच काळ नुसते पडून होते. अखेर विद्यापीठातील मित्र जॉन टोरोड यांनी ते सर्किट बांधून दिले. किल्डॉल यांनी त्यावर चालेल अशी छोटी कार्यप्रणाली लिहिली होती. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या गावी, घराच्या मागील अवजारांच्या खोलीत, तिने डिस्कवरील मजकूर प्रथम वाचून दाखवला. तिचे नाव सीपी/एम.

ही प्रणाली त्यांनी इंटेलला देऊ केली होती. इंटेलने पीएल/एम ठेवून घेतली आणि सीपी/एममध्ये रस दाखवला नाही. मग पती-पत्नींनी घरातूनच कंपनी काढली. तिचे पहिले नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, म्हणजे थेट आकाशगंगांपर्यंत पोहोचणारे. पुढे ते डिजिटल रिसर्च एवढेच राहिले. व्यवहार आणि पत्रव्यवहार डॉरथी पाहत. हौशी लोकांना टपालाने ७० डॉलरला प्रत मिळे.

बायोसची कल्पना जन्मली ती या टप्प्यावर, आणि तीही हौसेपोटी नव्हे, कंटाळ्यापोटी. त्या काळी प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा होता. कोणाचा पडदा असा, कोणाचा कीबोर्ड तसा, डिस्कची जोडणी तर प्रत्येकाची निराळी. प्रत्येक नव्या यंत्रासाठी किल्डॉल यांना संपूर्ण प्रणाली चाळून ठिकठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागत. आयएमएसएआय या कंपनीला तिच्या ८०८० चिपवरील संगणकासाठी सीपी/एम हवी होती. तेथील कामाच्या निमित्ताने, ग्लेन ईविंग यांच्याशी विचारविनिमय करून, किल्डॉल यांनी प्रणालीची फोड केली. यंत्रागणिक बदलणारा सगळा मजकूर एका छोट्या भागात गोळा केला. उरलेला मोठा भाग सर्व यंत्रांवर तोच. त्या छोट्या भागाला त्यांनी बायोस म्हटले.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे चटकन कळेल. यंत्राचा तोंडवळा वेगळा असला तरी मधला अडॅप्टर बदलून तेच हत्यार दुसऱ्या यंत्रावर चढवता येते. हत्यार नव्याने घडवावे लागत नाही. सीपी/एमच्या २.२ या आवृत्तीत हा अडॅप्टर म्हणजे अवघ्या सतरा कामांचा तक्ता होता. कळ दाबली गेली का ते पाहणे, एक अक्षर घेणे, एक अक्षर दाखवणे, डिस्क निवडणे, तिच्यावरील वर्तुळ आणि खंड ठरवणे, वाचणे, लिहिणे अशी ती कामे. एखाद्या निर्मात्याने ही सतरा कामे आपल्या यंत्रासाठी लिहून दिली, की सीपी/एम त्यावर चाले. आणि सीपी/एम चालली, की तिच्यासाठी जगात कोणीही लिहिलेली आज्ञावली त्यावर चाले.

याचा परिणाम किती दूरवर पोहोचला, हे पाहिले म्हणजे त्या फोडीचे मोल कळते. आयएमएसएआयने १९७७ मध्ये २५ हजार डॉलर मोजून सीपी/एमचा परवाना घेतला. तो व्यवहार ठरवणारे सेमूर रूबिनस्टीन यांनीच पुढे स्वतःची कंपनी काढून १९७८ मध्ये वर्डस्टार बाजारात आणले. आपल्याकडे १९८० आणि १९९० च्या दशकांत ज्यांनी कार्यालयांतून संगणक शिकायला सुरुवात केली, त्यांच्या बोटांना वर्डस्टारच्या कळा आजही आठवत असतील. ते वर्डस्टार आणि हिशेब-याद्यांचे डीबेस, दोन्ही मुळात सीपी/एमवर वाढलेली. सॉफ्टवेअर ही यंत्रापासून वेगळी, दुकानातून विकत घेण्याची वस्तू आहे, ही कल्पनाच या फोडीमुळे रुजली. १९८१ पर्यंत सुमारे ३ हजार प्रकारच्या संगणकांवर सीपी/एम चालत होती आणि डिजिटल रिसर्चची वार्षिक उलाढाल ५४ लाख डॉलरवर गेली होती. मायक्रोसॉफ्टसुद्धा तेव्हा तिची परवानाधारक होती. अ‍ॅपल संगणकात सीपी/एम चालवणारे कार्ड १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टनेच विकायला काढले.

आता ती दंतकथा. १९८० च्या ऑगस्टमध्ये आयबीएमला आपल्या येऊ घातलेल्या व्यक्तिगत संगणकासाठी कार्यप्रणाली हवी होती. बिल गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवले. आयबीएमची माणसे पॅसिफिक ग्रोव्हला पोहोचली तेव्हा किल्डॉल मजेखातर विमान उडवायला गेले होते, जगातील सर्वांत मोठी संधी त्यांनी आकाशात भटकण्यात घालवली, अशी ती कथा. व्यवस्थापनाच्या वर्गांतून आणि पुस्तकांतून ती चवीने सांगितली जाते.

किल्डॉल यांना विमान उडवायची हौस होती आणि त्या दिवशी ते विमानाने गेले होते, एवढे खरे. पण ते गेले होते ते ऑकलंडला, बिल गॉडबाउट या ग्राहकाकडे, कामासाठी. आयबीएमशी बोलणी करण्याचे काम डॉरथी यांचेच होते. कंपनीचे करारमदार त्याच पाहत. आयबीएमने बोलण्याआधी एक एकतर्फी गोपनीयतेचा करार पुढे केला. तो वाचून डॉरथी आणि कंपनीचे वकील यांना शंका आली, आणि सही लांबली. किल्डॉल दुपारी परतले. त्यानंतर त्यांची आणि आयबीएमच्या लोकांची भेट होऊन काय बोलणे झाले, याविषयी दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत. व्यवहार फिसकटला तो उड्डाणामुळे नव्हे. आयबीएमला एकरकमी पैसे देऊन हक्क हवे होते आणि नावही आपले लावायचे होते. डिजिटल रिसर्चची पद्धत प्रत्येक प्रतीमागे मोबदला घेण्याची होती. शिवाय नव्या १६ बिटांच्या प्रोसेसरसाठीची सीपी/एम-८६ अजून तयार नव्हती. ती वेळेवर पुरी न करणे ही मात्र किल्डॉल यांच्या कंपनीची खरी चूक, आणि ती कोणाही चरित्रकाराने झाकू नये.

आयबीएम पुन्हा गेट्स यांच्याकडे गेली. सिअ‍ॅटलच्या टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या पुस्तिकेतील रचनेबरहुकूम स्वतंत्रपणे लिहिलेली एक प्रणाली मायक्रोसॉफ्टने लाखभर डॉलरहूनही कमी किमतीत घेतली. तीच पुढे डॉस झाली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा संगणक बाजारात आला. डॉसमधील साम्य पाहून किल्डॉल यांनी न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. सॉफ्टवेअरवरील स्वामित्वहक्काचा कायदा तेव्हा धूसर होता. तडजोड झाली, आणि आयबीएमने दोन्ही प्रणाली विकण्याचे मान्य केले. १९८२ मध्ये सीपी/एम-८६ दुकानात आली तेव्हा डॉसची किंमत होती ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४०. ग्राहकाने काय निवडले, हे सांगायला नको.

विशेष म्हणजे या पराभवातही बायोस हरला नाही. आयबीएमने आपल्या संगणकात हा थर रॉम चिपमध्ये कायमचा कोरून टाकला. सीपी/एममध्ये तो डिस्कवर असे आणि चिपमध्ये केवळ तो उचलून आणणारी छोटीशी आज्ञावली असे. आयबीएमच्या संगणकाचा प्रोसेसर वीज मिळताच आपल्या १ मेगाबाइट पत्त्यांपैकी शेवटचे सोळा बाइट उरलेल्या ठिकाणी जाई. तेथे बायोसकडे जाण्याची आज्ञा असे. ८ किलोबाइटचा तो बायोस यंत्राची तपासणी करी आणि डिस्कवरून प्रणाली बोलावून घेई. इतर कंपन्यांनी आयबीएमची नक्कल करायची तर अडचण एवढ्या चिपचीच होती. कॉम्पॅकने १९८२ मध्ये मूळ मजकूर न उतरवता तसेच काम करणारा बायोस नव्याने लिहून घेतला, १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी असा बायोस कोणालाही विकू लागली, आणि स्वस्त संगणकांचा पूर आला. आपल्या घरांत संगणक शिरला तो याच दारातून.

रॉममध्ये कोरलेला बायोस बिघडत नसे, पण सुधारताही येत नसे. १९९० च्या दशकात तो फ्लॅश चिपमध्ये गेला. सुधारणे सोपे झाले, आणि अर्धवट सुधारून बसणेही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने आशियातील असंख्य संगणकांचा बायोस पुसून टाकला, तेव्हा पंखा फिरतो पण पडदा काळा, हे लक्षण फार मोठ्या प्रमाणावर दिसले. आमच्या संगणकातील चिप १६ मेगाबाइटची होती. म्हणजे आयबीएमच्या त्या पहिल्या बायोसच्या दोन हजार पट. एवढा मजकूर लिहायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ वीज टिकावी लागते.

किल्डॉल यांच्या पुढील आयुष्याकडे केवळ पडझड म्हणून पाहणे योग्य होणार नाही. एका वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रणाली, चित्रमय पडद्याची जेम ही आज्ञावली, १९८८ चे डीआर-डॉस अशी कामे त्यांच्या कंपनीतून होत राहिली. १९८४ मध्ये त्यांनी आणखी एक कंपनी काढली आणि पुढल्या वर्षी ग्रोलियरचा संपूर्ण विश्वकोश एका सीडीवर उपलब्ध झाला. सीडी म्हणजे केवळ गाणी, असे समजण्याचे ते दिवस होते. १९८३ पासून १९९० पर्यंत कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे ते सहसूत्रधार होते. त्या जुन्या चित्रफितींत ते दिसतात तेव्हा कोणाच्याही यंत्राविषयी कुतूहलाने विचारणारा, न ओरडणारा, शिक्षकी पेशाचा माणूस दिसतो. प्रतिस्पर्ध्यांच्या वस्तूंविषयीही ते खुल्या मनाने बोलत. व्यापारात हा गुण कितपत उपयोगी पडला असेल, याविषयी शंकाच आहे.

१९८३ मध्ये डॉरथी यांच्यापासून ते वेगळे झाले. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीने विकत घेतली. पैशांची ददात नव्हती. विमाने होती, वेगवान मोटारी होती, समुद्र होता. पण ती एक कथा पाठ सोडीना. जो भेटेल तो विमानाविषयी विचारी. १९९२ मध्ये ज्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, त्याच्या संगणक विभागाच्या समारंभाला त्यांना बोलावणे आले ते श्रोत्यांत बसण्यासाठी. प्रमुख वक्ते होते बिल गेट्स, ज्यांनी त्या विद्यापीठात शिक्षण घेतले नव्हते. हा सल त्यांच्या मनात खोल गेला, आणि आपली बाजू सांगण्यासाठी त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले. मद्याचे व्यसनही याच वर्षांत वाढले.

८ जुलै १९९४ रोजी मॉन्टेरेच्या एका मद्यगृहात त्यांच्या डोक्याला मार बसला. ते पडले की आणखी काही घडले, याचा नीट उलगडा झाला नाही. ११ जुलैला त्यांचे निधन झाले. वय ५२. सिअ‍ॅटलच्या उत्तर भागातील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

आत्मचरित्राचे हस्तलिखित त्यांनी मित्रांत आणि कुटुंबात वाटले होते, पण ते छापले गेले नाही. २०१६ मध्ये त्यांच्या मुलांनी त्यातील पहिला भाग कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयामार्फत खुला केला. नंतरची प्रकरणे वडिलांच्या व्यसनाच्या काळातील असून त्यांत त्यांचे खरे रूप उतरलेले नाही, असे सांगून मुलांनी ती बाजूला ठेवली. वडिलांचे हस्तलिखित कोठवर जसेच्या तसे द्यावे आणि कोठे थांबावे, हा प्रश्न मुलांना सोपा नसतो. आमच्याही हाती तसेच एक हस्तलिखित आहे, म्हणून हे अधिक जाणवले. त्याच संग्रहालयाने २०१४ मध्ये सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ मजकूरही सर्वांसाठी खुला केला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पॅसिफिक ग्रोव्हमधील लाइटहाउस अव्हेन्यूवर ८०१ क्रमांकाच्या घरासमोर, जेथे डिजिटल रिसर्चचे कार्यालय होते, विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्मृतिफलक बसवला.

आमचा संगणक आता पूर्ववत चालतो. यूपीएसची बॅटरी आम्ही त्याच आठवड्यात बदलली, आणि वडिलांच्या आठवणींची एक छापील प्रत काढून कपाटात ठेवली आहे. त्या गाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा त्या तरुणाला किल्डॉल यांचे नाव सांगितले. त्याने एका नव्या चिपला चिमटा लावता लावता ते ऐकले, नावाचे स्पेलिंग विचारले आणि दुरुस्तीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.